एकविसाव्या दिवसाची सुई

पंचवटी कारंजावरून नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला फुलवाल्या बायांची रांग बसायची. त्यात सगळ्यात शेवटची टोपली नवसाबाईची. जागा काही फार मोक्याची नव्हती, पण तिचा आवाज खणखणीत होता आणि गिऱ्हाइकाशी बोलायची तिची एक तऱ्हा होती. देवाला निघालेली नवी नवरी दिसली की गजरा पुढं करून ती म्हणायची, "घाल गं बाई, उद्या परवा लेकरं झाली की डोक्याला हात लावायला फुरसत नाय मिळायची." नवरी लाजायची, सोबतची सासू हसायची आणि गजरा खपायचा.

मळा मखमलाबादच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. दीड एकर. नवरा खंडेराव शेवंती, झेंडू, थोडी गुलछडी आणि मधल्या जागेत मेथी-कोथिंबीर काढायचा. माणूस अबोल. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर नवसाबाई म्हणायची, आज आमच्या घरी भाषण झालं. तीन बाळंतपणं झाली होती, त्यातली एकच पोर राहिली. तिचं नाव पल्लवी. रंगानं बापासारखी सावळी, जिभेनं आईसारखी तिखट आणि हातानं दोघांपेक्षा हुशार. आठव्या वर्षी ती बोटभर अंतर ठेवून अबोलीचा गजरा असा ओवायची की शेजारच्या टोपल्यांच्या बाया बघायला यायच्या. "ही पोरगी कुणाची?" असं कुणी विचारलं की नवसाबाई उगाचच पदर सारखा करायची.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत थंडी फार पडली. पल्लवी तेव्हा चौथीत होती. तिचा घसा सुजला, चार दिवस ताप आला. नवसाबाईनं हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या. ताप उतरला, पोर शाळेत जायला लागली आणि ते दुखणं सगळे विसरून गेले. घसा काय, थंडीत कुणाचा बसत नाही?

मार्चमध्ये एका सकाळी पल्लवी हौदाशी हात धूत बसली होती. नवसाबाई टोपली भरत होती. टोपली भरून झाली, वर ओलं फडकं टाकून झालं, तरी पोर हात धूतच होती.

"अगं किती धुशील? साबण संपला ना."

"अजून घाण हाय."

"कुठंय? दाव."

पल्लवीनं हात पुढं केले. बोटं पाण्यानं सुरकुतली होती, लालभडक झाली होती. घाण कुठंच नव्हती. "दिसत नाय," ती म्हणाली, "पण हाय."

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं भाकरी खाल्ली नाही. यात काहीतरी पडलंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी नवसाबाई बाजाराला निघाली, तर पोरीनं तिच्या लुगड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. नऊ वर्षांची घोडी, पण दोन वर्षांच्या लेकरासारखी. "तू जाऊ नको. तू गेली का मरशील. मला ठाव हाय." आणि मग आई मरू नये म्हणून तिनं दाराच्या चौकटीला सात वेळा हात लावला, पुन्हा मोजलं, पुन्हा सात वेळा लावला. काल-परवापर्यंत हीच पोर झाडावर चढून कैऱ्या पाडत होती. एका रात्रीत कुणीतरी आपली पल्लवी नेली आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरीच ठेवून गेलं, असं नवसाबाईला वाटलं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

आठ-दहा दिवसांत शाळेतून निरोप आला. पोरगी वर्गात तोंडं वेडावते, खांदे उडवते, सांगितलं तर हसते. वहीत अक्षरं रेघ सोडून वरखाली पळत होती. बाईंनी तिला दोनदा बाहेर उभं केलं होतं. नवसाबाईनं वही बघितली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण हे आपल्या लेकीचं अक्षर नाही एवढं तिला कळलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या राशी पडलेल्या, माळा ओवायच्या बाकी, आणि वर्षातून चार-पाचच दिवस असे असतात की टोपली दोनदा भरून न्यावी. पल्लवीच्या हातून सुई पडली. उचलली, पुन्हा पडली. ओवलेली माळ तिनं उचलली आणि हात असा झटकला की माळ भिंतीवर आदळली, फुलं सुटून घरभर झाली.

"मुद्दाम करती?"

"नाय गं आई."

हात पुन्हा उडाला आणि भरलेलं सूप पालथं झालं. नवसाबाई उठली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. चांगली जोरात. पल्लवी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं.

"मला नाय हसायचं," ती म्हणाली. "आपोआप येतंय. आई, मला नाय हसायचं."

नवसाबाईचा हात तसाच राहिला. ती खाली बसली आणि फुलं गोळा करायला लागली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

पाडव्याला नणंद आली. छाया तिचं नाव, दिंडोरीकडं दिलेली. तिनं पोरीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, हे बाहेरचं हाय. डॉक्टरच्या हातचं नाय." तिच्या गावाजवळ भिका नावाचा भगत होता. दोन दिवसांनी त्याच्याकडं गेले. तोवर पल्लवीला नीट चालताही येत नव्हतं, पाय भलतीकडंच पडायचा. खंडेरावानं तिला खांद्यावर घेतलं होतं.

भगतानं अंगारा लावला, लिंबू उतरवून टाकलं, काळा दोरा बांधला. मग तो म्हणाला, पोरीचे हात धरा, जो हात हलवतोय त्याला बाहेर काढतो. नवसाबाईनं दोन्ही मनगटं धरली. कडुलिंबाच्या ओल्या फोकानं तो त्या हातांवर मारायला लागला. "सोड तिला! सोड!" तो दरडावत होता. पल्लवी ओरडत होती आणि तिचे हात आईच्या मुठीत माशासारखे तडफडत होते. ते इतके हलत होते की नवसाबाईला खरंच वाटलं, यात दुसरंच कोणीतरी आहे. म्हणून तिनं मुठी आणखी आवळल्या.

बाहेर बसलेला खंडेराव आत आला. त्यानं भगताच्या हातातला फोक काढून घेतला, पोरीला उचललं आणि एवढंच म्हणाला, "बास झालं." छाया मागून हाका मारत राहिली, पण तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ते नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर यादव तसे तरुण होते. त्यांनी पोरीला समोर उभं केलं आणि नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "जीभ बाहेर काढ आणि तशीच ठेव." जीभ बाहेर आली आणि सर्रकन आत गेली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. "आता माझी दोन बोटं घट्ट धर." तिनं धरली. तिची मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची, गाईची धार काढावी तशी. डॉक्टरांनी तिच्या मनगटावरचे वळ बघितले, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "दोन-तीन महिन्यांपूर्वी हिला ताप आला होता? घसा दुखत होता?"

नवसाबाईला आठवायला वेळ लागला. "थंडीत आल्ता. पण तो तर बरा झाला."

"घसा बरा झाला," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी नळी लावून पोरीची छाती ऐकली. बराच वेळ ऐकली, एकदा बसवून, एकदा कुशीवर निजवून. खुर्चीत बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. घशात जंतू आले की शरीर त्यांच्याशी लढायला शिपाई तयार करतं. कधीकधी हे शिपाई चुकतात. मेंदूचा जो भाग हातपाय ताब्यात ठेवतो, मन शांत ठेवतो, तोच त्यांना शत्रूसारखा दिसतो. मग हात उडतात, तोंड वाकडं होतं, नको ते विचार येतात, हसू-रडू आवरत नाही. "याला कोरिया म्हणतात."

"कोरिया देश हाय ना?" खंडेरावानं विचारलं. त्यानं रेडिओवर ऐकलं होतं.

"देशही आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "हातापायांचं बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत थांबेल, मनातली भीतीही हळूहळू कमी होईल. गोळ्या देतो. मला काळजी आहे ती हृदयाची. एका झडपेवर सूज आहे. पुन्हा घसा बिघडला तर झडप आणखी खराब होईल. म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. एकही चुकवायचं नाही."

"किती दिवस?"

"पंचवीस वर्षांची होईपर्यंत. कदाचित त्याहून जास्त."

नवसाबाईनं मनाशी हिशेब केला. पोर नऊ वर्षांची होती.

उठताना पल्लवीनं डॉक्टरांना विचारलं, "माझ्या अंगात कोणी नाय ना?"

"नाही बाळ. कोणीच नाही."

एवढं ऐकून ती रडली. महिन्याभरात पहिल्यांदा तिचं रडणं रडण्यासारखं होतं.

ती बरी झाली. हात थांबायला पावसाळा संपायला आला, चौथीचं वर्ष गेलं, पण बरी झाली. हात धुण्याचं मात्र पूर्ण गेलं नाही. कधी घसा खवखवला की पंधरा दिवस ती पुन्हा हौदाशी बसायची, चौकट मोजायची, आणि नवसाबाई आता ओरडत नसे. शेजारी बसून म्हणायची, "झालं का? सावकाश कर." थोबाडीत मारल्याचं आणि मनगटं धरल्याचं दोघीही कधी बोलल्या नाहीत. नवसाबाईच्या मनात खूपदा यायचं. भाकरी थापताना यायचं, बसमध्ये यायचं. पण पोर हसतखेळत असली की आता कशाला उकरून काढा असं वाटायचं, आणि ती गप्प असली की धीर व्हायचा नाही.

एकविसावा दिवस आला की दोघी द्वारकेला जायच्या. ते औषध पांढरं, दाट, सुई जाड. टोचल्यावर पल्लवी दिवसभर लंगडायची. पहिल्या वर्षी ती आदल्या दिवसापासून रडायची. पुढं ओठ दाबून पालथी पडायला शिकली. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला भेळभत्ता खायचा, असं ठरलेलं होतं. नवसाबाईच्या आयुष्यात लेकीशी निवांत गप्पा झाल्या त्या त्या भत्त्याच्या गाडीशी उभ्यानं. मैत्रिणीचं लग्न कुठं ठरलं, कोणत्या बाई छान शिकवतात, मला शिवणकाम शिकायचंय. कॅलेंडरवर पल्लवी स्वतःच फुली मारून ठेवायची. लग्नकार्य असो, आजारपण असो, आठ वर्षं एकही फुली रिकामी गेली नाही. त्या आठ वर्षांचा नवसाबाईला अभिमान होता, आणि म्हणूनच पुढं जे झालं ते तिला जास्त लागलं.

पल्लवी सतरा पूर्ण झाली आणि स्थळं यायला लागली. एकदा छाया आली. चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी, एक बोलू का? पोरगी दर महिन्याला दवाखान्याच्या पायऱ्या चढती. लोक बघत्यात. परवा मला एकीनं विचारलं, काय झालंय म्हणून. हृदयाचं म्हणलं तर कोण करील? आन् ते हात उडायचं कळलं तर मग बोलायलाच नको."

"वन्सं, डॉक्टर म्हणत्यात पंचवीस वर्षांपर्यंत..."

"डॉक्टर म्हणणारच. पोरीकडं बघ की. हाय का काय तिला?"

नवसाबाईनं बघितलं. पल्लवी अंगणात शिवणयंत्रावर बसली होती. केस धुतलेले, पाठीवर मोकळे. सात-आठ वर्षांत हात एकदाही उडाला नव्हता. गेल्या दीड वर्षात चौकटही मोजली नव्हती.

पुढच्या फुलीच्या दिवशी पल्लवी चप्पल घालून उभी राहिली. "आई, निघायचं ना?"

"राहू दे आज."

"आज एकविसावा हाय."

"आता बरी हायेस ना तू. जरा लग्न उरकू दे, मग बघू."

पल्लवी तशीच उभी राहिली. "मग त्यांना सांगायचं ना सगळं? जे बघायला येतील त्यांना?"

"लगेच कशाला? लग्न झाल्यावर सांगू सावकाश."

"लग्न झाल्यावर सांगायचं म्हणजे फसवायचंच झालं."

"तुला कळत नाय त्यातलं," नवसाबाई म्हणाली. तिनं दवाखान्याची फाइल पेटीत लुगड्यांच्या तळाशी ठेवली. खंडेरावाला तिनं सांगितलं की डॉक्टरांनी आता गरज नाही म्हटलंय. तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला खरं वाटलं की नाही ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन हजार चारच्या मे महिन्यात लग्न झालं. मुलगा विंचूरचा, नाव जीवन. घरची थोडी कांद्याची शेती आणि स्वतः कांदा मार्केटात मापाडी. म्हणजे आलेला माल तोलून द्यायचा. पोरगा सरळ, व्यसन नाही, हसरा. सासू विमलाबाई जरा करड्या, पण मनानं वाईट नव्हत्या. पल्लवी पहिल्यांदा माहेरी आली ती गुटगुटीत होऊन. नवसाबाईला वाटलं, सुटलो. कुलदैवताला जाऊन आली.

पुढच्या वर्षी दिवस राहिले. ऑगस्टमध्ये किराणा दुकानात फोन आला. दुकानदारानं पोरगं पाठवून नवसाबाईला बोलावलं. पलीकडून विमलाबाई बोलत होत्या. "विहीणबाई, पोरीला काहीतरी लागलंय. हातातली भांडी फेकती, तोंड वाकडं करती, उगाच हसती. सहावा महिना चाललाय. आम्ही बाबांकडून दोनदा अंगारा आणला, उतरत नाय. तुम्ही या."

नवसाबाईनं फोन ठेवला. दुकानदारानं स्टूल दिलं त्यावर ती थोडी बसली, मग घरी गेली, पेटी उघडली, फाइल काढली आणि फाटकाशी उभ्या खंडेरावाला म्हणाली, "चला."

विंचूरच्या घराच्या ओट्यावर पल्लवी भिंतीला टेकून बसली होती. पोट पुढं आलेलं, चेहरा सुकलेला, श्वास वरच्या वर चाललेला. पोटाला मार लागू नये म्हणून तिचे हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं सैलसर बांधले होते. त्या पट्टीच्या आत बोटं वळवळत होती. नवसाबाईनं आधी ती पट्टी सोडली. मनगटं तिच्या हातात आली आणि तिनं ती लगेच सोडून दिली, चटका बसल्यासारखी.

"हे बाहेरचं नाय," ती म्हणाली. विमलाबाई, सासरा, जीवन, शेजारच्या दोन बाया, सगळे होते. "हे लहानपणी झाल्तं. नऊ वर्षांची व्हती तवा. डॉक्टरनी सांगितल्तं दर एकवीस दिवसांनी सुई द्यायची, हृदयाची झडप खराब हाय. आठ वर्षं दिली. लग्नासाठी मी बंद केली. मी लपवलं. ही म्हणत व्हती सांगू, मी सांगू दिलं नाय."

मग विमलाबाईंचा आवाज चढला. "म्हणजे ठाव असून तुम्ही आमच्या पोराच्या गळ्यात बांधली? आन् आम्ही इथं अंगारे फुंकत बसलो? एक शब्द, विहीणबाई, एक शब्द सांगितला असता तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेली असती की तिला."

ते खरंच होतं. नवसाबाईचं लक्ष लेकीकडं गेलं. पल्लवी नवऱ्याकडं बघत होती. मान झटके खात होती, डोळे मात्र त्याच्यावरून हलत नव्हते. कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. जीवननं मान खाली घातली होती. तो पायानं ओट्यावरची कांद्याची टरफलं एका बाजूला सारत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "गाडी बघतो," आणि निघून गेला.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, झडप आकसली आहे. गरोदरपणात रक्त वाढतं, ते अरुंद वाटेनं पुढं जाईना, म्हणून फुफ्फुसात पाणी. हात उडणं गरोदरपणात उलटतं कधीकधी, ते थांबेल, पण हृदयाचं सांगता येत नाही. दोन आठवडे औषधांवर काढले. सातव्या महिन्यात बाळ झालं. मुलगा. काचेच्या पेटीत दोनच दिवस जगला. नवसाबाईनं त्याला बाहेरून बघितलं, तिच्या तळहातापेक्षा थोडा मोठा. तिसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव आणि जीवन त्याला घेऊन गेले. पल्लवीला उठायची मनाई होती. तिनं बाळाला एकदाच बघितलं होतं, तेही नर्सच्या हातात, लांबून.

चार-पाच दिवसांनी दुपारी नवसाबाई तिचे केस विंचरत होती. हात आता बऱ्यापैकी थांबले होते. पल्लवी एकदम म्हणाली, "त्यांना माहीत व्हतं."

"कुणाला?"

"ह्यांना. लग्नानंतर चौथ्याच दिवशी मी सांगितलं सगळं. ते म्हणले, बरं केलंस, फक्त माझ्या आईला सांगू नको. मला लासलगावला न्यायचे सुईला. बाजाराला चाललोय म्हणायचे घरात. बारा-तेरा वेळा नेलं. मग दिवस राहिले, तर म्हणले पोटात लेकरू असताना सुई नको. आन् मग उन्हाळी कांदा सुरू झाला, त्यांना वेळ नव्हता."

नवसाबाईचा हात थांबला. "मग त्या दिवशी ओट्यावर... मी बोलत व्हते तवा..."

"मी बघत व्हते, बोलत्यात का."

नवसाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा घोडा माणूस, बायको समोर तडफडतेय, आई अंगारा फुंकतेय, आणि हा तोंड शिवून उभा! भित्रा, नेभळट, आईच्या पदराआडचा. शिव्या ओठांवर आल्या आणि तिथंच अडल्या. यातली कुठली शिवी आपल्याला लागू होत नाही, ते तिला सापडेना. तिनं पुन्हा फणी फिरवायला सुरुवात केली. केस खूप गळत होते.

पुढच्या वर्षी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मांडीतून नळी घालून, फुगा फुगवून झडप मोकळी केली. मूल पुन्हा होऊ द्यायचं नाही असं सांगितलं. पल्लवी माहेरीच राहिली. जीवन चार-सहा वेळा आला. येताना द्राक्षं आणायचा, खंडेरावाशी पिकाचं बोलायचा. एकदा त्यानं नवसाबाईसमोरच सांगितलं, "मी आईला सांगितलंय आता. मला सगळं ठाव व्हतं म्हणून. ती आठ दिवस बोलली नाय माझ्याशी. पण चल म्हणली, घेऊन ये म्हणली. चल पल्लवी."

पल्लवीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला. म्हणाली, "तुम्ही वाईट नाय. पण त्या दिवशी मी तुमच्याकडं बघत व्हते. आता तुमच्या घरात परत काय झालं तर मी पुन्हा तशीच बघत बसेन, आन् मला ते नाय जमायचं." चहा पिऊन तो उठला. गेला तो पुन्हा आला नाही. दोन वर्षांनी त्याचं दुसरं लग्न झाल्याचं छायाकडून कळलं.

तो गेल्यावर त्या दिवशी नवसाबाई आत आली. पल्लवी कपबश्या विसळत होती.

"त्यानं तोंड उघडलं नाय म्हणून तू त्याला सोडलंस," नवसाबाई म्हणाली. "आन् मी?"

पल्लवीनं कप पालथा घातला. "तू आई हायेस. तुला सोडून कुठं जाऊ?"

या बोलण्यात माया होती की नुसता नाइलाज, हे नवसाबाईनं पुढं कितीतरी दिवस उलटंपालटं करून पाहिलं. विचारायचा धीर तिला झाला नाही.

पल्लवी आता गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेत कामाला जाते. कलमं बांधते, पिशव्या भरते. जड उचलायचं काम तिला देत नाहीत. संध्याकाळी चढावर दोनदा थांबते. सुईला ती एकटीच जाते. सुरुवातीला नवसाबाई चप्पल घालून उभी राहायची, तेव्हा ती म्हणाली, "मी जाईन. तू बाजारात जा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून नवसाबाईला काही म्हणता आलं नाही.

नवसाबाई अजून कारंजावर बसते. फुलं घ्यायला आलेल्या बायकांची लेकरं थंडीत खोकताना, घसा धरून रडताना दिसली की ती फूल विकायचं सोडून सांगायला लागते, घसा दाखवा, अंगावर काढू नका, माझ्या पोरीला असं झाल्तं. आणि मग पहिल्यापासून सगळं सांगते, भगताचं, लग्नाचं, लपवल्याचंसुद्धा. काही बाया ऐकतात. काही म्हणतात, म्हातारीला लागलं पुन्हा वेड. शेजारच्या टोपलीवाल्यांना ते पाठ झालंय.

मागच्या पौषात एका सकाळी फुलं तोडताना पल्लवी शेजारच्या सरीत होती. नवसाबाईनं विचारलं, "आज कितवा?"

"एकोणिसावा."

"म्हणजे परवा."

"हां."

धुकं होतं, शेवंती ओली होती. दोघी दोन सऱ्यांमधून खुडत पुढं गेल्या.